दोघींना हिरव्या

"ही मोटार माणसांसाठी केलेलीच नाही," आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "मधे उंचवटा, बाजूला कडी. पाय कुठं ठेवावे माणसानं? आणि हिला दाराशी बसवलंय. पोटुशी बाई दाराशी बसते व्हय? उघडलं म्हंजे दार?"

त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या, पण टॅक्सीच्या मागच्या सीटवर आम्ही तिघी इतक्या दाटून बसलो होतो की त्यांचं पुटपुटणं पलीकडे बसलेल्या अक्कांनाही ऐकू गेलं. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे भाऊ होते, म्हणजे माझे यजमान आणि थोरले भाऊजी. माझी सहा वर्षांची मीनल अक्कांच्या मांडीवर होती.

"जागा बदलू या का?" अक्का म्हणाल्या. "सरोज, तू मधे ये. चालेल ना तुला?"

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं.

गाडी थांबवली. आत्याबाई दाराकडे गेल्या आणि मी मधे आले. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला जाऊ आणि मधे माझं सातव्या महिन्याचं पोट. ते पोट त्या दिवशी सगळ्यांनी मिळून हैदराबाद बघायला काढलं होतं.

सातव्यात बाईनं गाव सोडू नये, असा आत्याबाईंचा नियम. पण त्या दिवाळीत त्यांनीच मला उदगीरहून हैदराबादच्या गाडीत बसवलं होतं. थोरले भाऊजी तिथे रेल्वेच्या कचेरीत होते आणि प्रभाअक्का टेलिफोन एक्सचेंजमधे. त्यांना मूल नव्हतं. मला दोन मुली. धाकटीला आईकडे ठेवून आले होते. आणि हे तिसरं.

श्रावणात मी भाकरी थापत होते तेव्हा आत्याबाई परातीशी येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोरलीनं मागितलंय, बाई. आजवर कधी तोंड उघडलं नाही तिनं. तुला दोन हायत. नाही म्हणशील का?"

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली. आमच्या घरात तेवढं पुरायचं.

यजमानांना विचारलं तर म्हणाले, "परक्याच्या घरी थोडंच जायचंय," आणि रेडिओ लावला. त्यानंतर या विषयावर कुणी एक शब्द काढला नाही. फक्त एवढं ठरलं की दिवाळीत हैदराबादला जायचं, एक दिवस सगळं शहर बघायचं आणि संध्याकाळी थोरल्यांच्या घरी देवापुढे नारळ ठेवायचा. कसला नारळ, ते कुणी म्हणालं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मी मात्र एक मनाशी धरून आले होते. अक्कांमधे एखादी खोट शोधायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण आमची भेट सणावारीच व्हायची. माणूस दिवसभर बरोबर असलं की कळतं. रागीट असतील, चिक्कू असतील, पोराचा कंटाळा करत असतील. असं काही दिसलं की त्याच्या आधारानं तोंड उघडायचं. नुसतं माझं आहे म्हणून नको म्हणायला मला लाज वाटत होती.

पहिली संधी लगेच आली. अफजलगंजच्या पुलाच्या अलीकडे अक्का एकदम पुढे वाकल्या आणि ड्रायव्हरला तेलुगूत असं काही बोलल्या की त्याची मान खाली गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, तापट आहेत.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खड्डा दिसला की हळू चालव म्हटलं. गाडीत कोण बसलंय ते आरशात बघ म्हटलं."

ड्रायव्हरनं पुढे दिवसभर अशी गाडी चालवली की जणू डिकीत काचेच्या बरण्या आहेत.

सालारजंग संग्रहालयात शिरल्या शिरल्या दोघे भाऊ तलवारींच्या दालनात पळाले. दोघे एकत्र आले की त्यांचं वय निम्मं व्हायचं. शिवाय तलवारीच्या दालनात बायकांचे विषय निघत नाहीत. आत्याबाईंना चिनी भांडी बघायची होती. एवढ्या बश्या आणि कुणी जेवत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

एका चौकात संगमरवरी बाईचा पुतळा होता. तोंडावरून झिरझिरीत पदर ओढलेला, आणि तो पदरसुद्धा दगडाचा. आतला चेहरा आरपार दिसत होता. मी बघतच राहिले. पदर ओला असल्यासारखा गालाला चिकटला होता. कुणा माणसाच्या हातून हे झालं यावर विश्वास बसेना.

"हिला दिसतं का?" मीनलनं विचारलं.

मी असते तर म्हटलं असतं, गप, हात लावू नको. अक्का म्हणाल्या, "मला काय माहीत? तिलाच विचार की."

मीनल टाचा उंच करून पुतळ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली दिसतं, पण धुरकट."

"मग तिला आपण कशा दिसत असू?"

"तुम्ही जाड दिसता," मीनल म्हणाली. "आई त्याहून जाड."

अक्का इतक्या हसल्या की पहारेकरी आला. त्याच्याशी उर्दूत दोन वाक्यं बोलून त्यांनी त्याचंच स्टूल माझ्यासाठी मागून घेतलं. तो स्टूल उचलून आमच्याबरोबर घड्याळाच्या चौकापर्यंत चालत आला. मला मराठीशिवाय दुसरी भाषा बोलता येत नव्हती. ही बाई एका तासात तीन भाषांतून चालत होती, आणि तेही घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं इतकं सहज.

त्या घड्याळात दर तासाला एक इवलासा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येतो, घंटा वाजवतो आणि आत जातो. बाराला सर्वांत जास्त ठोके, म्हणून बाराला सर्वांत जास्त गर्दी. मी स्टुलावर बसले होते, तरी मला पुढच्या माणसांच्या पाठीच दिसत होत्या. मीनल रडकुंडीला आली. अक्कांनी पदर खोचला आणि तिला उचलून डोक्याच्याही वर धरलं.

माणूस बाहेर यायला वेळ लागला. मग ठोके सुरू झाले. मी घड्याळ बघितलंच नाही. मी अक्कांचे दंड बघत होते. मीनल काही हलकी नव्हती. पाचव्या ठोक्याला दंड थरथरायला लागले, आठव्याला मान लाल झाली, पण हात एक इंचही खाली आले नाहीत. माणूस आत जाऊन दार लागलं, तरी त्यांनी मीनलला वरच धरलं होतं.

"गेला," मीनल म्हणाली.

"नक्की गेला? परत नाही ना येत? बघ नीट."

मी असते तर सहाव्या ठोक्याला खाली ठेवली असती. आई असून. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. इतका वेळ मी खोट शोधत होते. आता मला वाटलं, नको शोधायला. जितकं बघावं तितका माझाच पाय घसरतोय. हिच्या हातात कुणाचंही मूल नशीबवान ठरेल.

बाहेर झाडाखाली बसून आम्ही उदगीरहून आणलेले धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली. दोघे भाऊ "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले आणि तासाभरानं तोंडाला पानाचा आणि कपड्यांना बिर्याणीचा वास घेऊन आले.

"धपाटे खाता का?" आत्याबाईंनी विचारलं.

"भूक नाही, आई," दोघे एकदम म्हणाले.

"नसंल. हवाच जड हाय हितली."

अक्कांनी माझ्यासाठी घरून वेगळ्या डब्यात दहीभात आणला होता, वर डाळिंबाचे दाणे. "तिखट नको तुला आता," म्हणाल्या. "दाणे आवडतात ना? नाही तर बाजूला काढते."

"आवडतात."

"उद्या काय करू? तुला काय खावंसं वाटतं ते सांगत जा."

"तुम्ही कराल ते."

त्या काहीतरी आणखी बोलणार होत्या. माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं, आणि चटकन नजर काढून डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते झाकण त्यांनी दोनदा लावलं.

दुपारी चारमिनार. मीनल मान मागे टाकून वर बघायला लागली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "थांब. आधी खाली हात लाव. मिनारच्या पायाला. आता हात न काढता हळूहळू वर बघ." मीनलनं तसं केलं. मग मी पण केलं. चुन्याचा गार, गुळगुळीत गिलावा हाताला लागला, आणि बघता बघता तो मिनार माझ्या हातातूनच वर वर निघाल्यासारखा वाटला. आजही कुठली उंच गोष्ट बघायला गेले की मी आधी तिच्या पायाला हात लावते. मुलं हसतात.

चारमिनारच्या बाजूलाच बांगड्यांचा बाजार. एवढ्या बांगड्या एका जागी मी जन्मात बघितल्या नव्हत्या. दुकानं म्हणजे नुसत्या रंगांच्या भिंती. आत्याबाई मात्र सरळ एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुकानात चष्मा लावलेली म्हातारी होती. तिच्या पुढ्यात त्यांनी मला बसवलं, आणि मग अक्कांचं मनगट धरून त्यांनाही माझ्या शेजारी बसवलं.

"हिरव्या भरा," म्हणाल्या. "काचेच्या. दोघींना."

सातव्या महिन्यात आमच्याकडे हिरवा चुडा भरतात. तो जिला दिवस आहेत तिला. म्हातारीला हे माहीत असावं. तिनं माझा हात दाबून बांगड्या चढवल्या, एकही पिचली नाही. मग अक्कांच्या उजव्या हाताला सुरुवात केली. चढवता चढवता चष्म्यावरून बघत म्हणाली, "दोनों बहुओं को दिन हैं क्या, अम्मा?"

दारात उभे असलेले दोघे भाऊ एकदम समोरच्या अत्तराच्या दुकानाकडे वळले.

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "वैसाच समझो."

अक्कांनी हात मागे घेतला. झटका दिला नाही, नुसता ओढून पदराखाली घेतला. "बस," म्हणाल्या. "बस अम्मा, इतनाच."

"दुसरा हाथ? एक हाथ खाली नहीं रखते, बेटी."

"रखते," अक्का म्हणाल्या.

आत्याबाईंचा चेहरा पडला. अक्का उठल्या. उजव्या हातात हिरवा चुडा, डावा हात मोकळा. मला वाटलं, हात का काढून घेतला असेल? माझ्याकडून घ्यायचंय याची लाज वाटली, की माझा राग आला? दिवसभर मी जेवढं "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं, ते त्यांना टोचलं तर नसेल? गोवळकोंड्याच्या वाटेवर टॅक्सीत फक्त मीनल बोलत होती.

गोवळकोंड्याच्या दरवाजातून आत गेलं की एक घुमट आहे. त्याच्याखाली उभं राहून टाळी वाजवली की ती पार वर, टेकडीच्या माथ्यावर ऐकू जाते. शत्रू आला की पहारेकरी टाळी द्यायचा. आता जो येतो तो टाळ्या वाजवतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे शाळेची सहल आलेली. वर जर राजा असता तर त्याला वाटलं असतं, सगळं जग चालून आलंय.

"वर देवीचं देऊळ हाय म्हणतात," आत्याबाई म्हणाल्या. "मी जाऊन येते. यशवंत, पल्हाद, चला. मीने, हात धर. तुम्ही दोघी बसा हितं." आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, "बोला जरा."

गुडघे दुखणारी ती बाई पदर खोचून गड चढायला लागली.

आम्ही दोघी दगडावर बसलो. अक्कांनी भाजलेल्या शेंगा घेतल्या. त्या सोलायला लागल्या.

"मघाशी मी हात काढून घेतला," अक्का म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं का?"

"नाही, अक्का."

"तुझ्यामुळे नाही काढला. तुझं मन तर एवढं मोठं, मी कशाला... आत्याबाईंचा निरोप आला ना, तेव्हा मी दोन दिवस कामात चुका करत होते. विजयवाड्याचा कॉल वारंगळला जोडला. एका माणसाला त्याच्या बायकोऐवजी पोलीस ठाणं जोडून दिलं. मला वाटायचं, मी सरोजच्या जागी असते तर स्वतःहून असं म्हटलं असतं का? नसतंच म्हटलं."

"काय म्हटलं नसतं?"

"तेच की. तू म्हणालीस ते."

"मी काय म्हणाले?"

शेंग सोलताना त्यांचा हात थांबला. "तिसरं अक्कांच्या ओटीत घालते, म्हणालीस ना?"

सहलीतल्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी तो संपायची वाट बघितली.

"मी नाही म्हणाले. तुम्ही मागितलंत."

"मी?"

"आत्याबाई म्हणाल्या, थोरलीनं तोंड उघडून मागितलंय."

"मी कुणापुढे तोंड उघडणार? आणि असं मागतं का कुणी?"

मग अक्कांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या.

"सरोज, माझं लग्न असंच जमवलं त्यांनी. माझ्या वडिलांना निरोप, की मुलानं मागणी घातलीय. ह्यांना सांगितलं, की मुलीकडून विचारणा आलीय, नाही म्हणू नये. लग्नानंतर सहा महिन्यांनी आम्हाला कळलं की दोघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं."

मला आठवलं, आमच्या गावात निम्म्या घरांतल्या सोयरिकी आत्याबाईंनी जमवलेल्या. त्या म्हणायच्या, माणसं लाजतात गं, पहिलं पाऊल कुणी टाकत नाही, म्हणून दोघांनाही सांगायचं की समोरच्यानं टाकलंय. एकही लग्न मोडलं नव्हतं. त्याच रीतीनं त्या आता एका मूल नसलेल्या सुनेला आणि एका पोटुशी सुनेला एकमेकींकडे चालवत होत्या, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की दोघींच्याही मनात तेच आहे.

"मग सकाळपासून तू 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतेयस ते?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही 'चालेल ना तुला' विचारत होतात म्हणून."

"अगं, मला वाटत होतं तू तोंडावर हसून आतून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. हातातली शेंग खाली ठेवली. "आता मी विचारते. आत्याबाई नाहीत, कुणी नाही. खरं सांग. द्यायचंय तुला?"

"मी दिवसभर तुमच्यात खोट शोधत होते," मी म्हणाले.

"सापडली?"

"नाही."

"मग?"

"तरी नाही द्यायचं."

हे वाक्य मी मोठ्यानं बोलले होते. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. आठ वर्षांत त्या घरातल्या कुणापुढे मी नाही हा शब्द उच्चारला नव्हता.

अक्कांनी मान डोलावली. सोललेले दाणे माझ्या तळहातावर ओतले, माझी मूठ बंद केली आणि त्या मुठीवर आपला हात जरा वेळ ठेवला.

"तुम्हाला हवं होतं का?" मी विचारलं.

त्या दरवाजाकडे बघत होत्या. एक बाप खांद्यावरच्या पोराला टाळी कशी वाजवायची ते शिकवत होता. पोराचे हात एकमेकांना सापडत नव्हते.

"मी त्याचं नावसुद्धा ठरवलं होतं," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आता हे आत्याबाईंना सांगायचं कुणी?"

"तुम्ही थोरल्या."

"तू आई."

दोघींपैकी कुणी काही ठरवायच्या आत ती मंडळी खाली आली. मीनल बापाच्या पाठुंगळी होती. दोघे भाऊ वरून दिसणाऱ्या हैदराबादचं वर्णन करत होते, एक थांबला की दुसरा सुरू. आत्याबाईंना धाप लागली होती, पण तोंड नुसतं उजळलं होतं. आम्हाला जवळ जवळ बसलेलं बघून ते आणखी उजळलं. त्यांच्या हातात देवीच्या देवळातला नारळ होता, कुंकू लावलेला.

"घरी जाईपर्यंत कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. "मी देवीपुढं बोलून आले. प्रभे, पदर पुढं कर."

माझ्या यजमानांनी घड्याळ बघितलं. भाऊजी म्हणाले, "टॅक्सी कुठं लावलीय ते बघून येतो," आणि निघाले. मी तोंड उघडलं, आणि आत्याबाईंचा तो उजळलेला चेहरा बघून ते तसंच उघडं राहिलं.

अक्कांनी पदर पुढे केला नाही. आत्याबाईंच्या हातातला नारळ त्यांनी हळूच काढून घेतला, दगडावर ठेवला, आणि त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

"अहो, तुम्ही पण थांबा," त्या भाऊजींना म्हणाल्या. "टॅक्सी कुठं जात नाही."

भाऊजी पाठमोरेच थांबले.

"आत्याबाई," अक्का म्हणाल्या, "मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी हे आम्हाला कधीच सांगितलंय. तुम्ही मला विचारत नाही, ह्यांना तुम्हाला सांगवत नाही, आणि मी दर सणाला उदगीरला येऊन 'बघू, देवाच्या मनात असेल तेव्हा' म्हणते. आता नाही म्हणणार. मला मूल होणार नाही. आणि सरोजचं बाळ सरोजचं आहे."